राजधान्यांचा तक्ता आणला आणि आमचं जळगाव दिल्लीपेक्षा मोठं निघालं

आधी वस्तू काय ते सांगतो. भिंतीवर लावायचा तक्ता, भारतातली राज्ये, त्यांच्या राजधान्या आणि लोकसंख्या. साधारण तीन बाय चार फूट, लॅमिनेशन केलेला, वर-खाली काळ्या प्लास्टिकच्या दांड्या आणि वर टांगायला दोरी. जळगावला फुले मार्केटला एका स्टेशनरीच्या दुकानातून घेतला, २८० सांगत होता, २४० ला दिला. प्रकाशकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मला कोणाचा धंदा खराब करायचा नाही आणि खरं सांगायचं तर असे तक्ते सगळे एकमेकांचं बघूनच छापतात असा माझा संशय आहे.

मी अमळनेरात अभ्यासिका चालवतो. साठ खुर्च्या, चार कूलर, एक फिल्टर आणि कायम नेटवर्क गेलेलं वायफाय. पोरं-पोरी तलाठी, पोलीस भरती, एमपीएससी असं सगळं करतात. भिंत मोकळी दिसत होती आणि नकाशा फाटला होता म्हणून हा आणला.

क्वालिटी म्हणाल तर ठीक. छपाई स्वच्छ आहे, रंग भडक नाहीत, राज्याचं नाव ठळक आणि राजधानीचं नाव लाल. पण अक्षर बारीक, म्हणजे पहिल्या दोन रांगेतल्या पोरांना वाचता येतं, मागच्यांना उठून जवळ जावं लागतं. आणि आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहितीच आहे, पत्रा तापला की पंचेचाळीसच्या पुढे पारा, तर आठ दिवसात लॅमिनेशन कडेने पापडासारखं वळलं. खालची दांडी दोनदा निघून पडली, एकदा तर खाली झोपलेल्या पोराच्या डोक्यावर. तो उठून म्हणतो भाऊ रिझल्ट लागला का.

असो, हे सगळं चालून जातं. खरी गंमत आकड्यांची.

लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी एरंडोलचा एक पोरगा आला, म्हणे भाऊ, आपलं जळगाव दिल्लीपेक्षा मोठं आहे का? मला वाटलं मस्करी करतो. जाऊन बघतो तर सगळ्यात वर, देशाची राजधानी नवी दिल्ली, लोकसंख्या २,५७,८०३. आणि जळगाव शहर २०११ च्या जनगणनेत ४,६०,२२८. धुळ्याची दोन पोरं मागेच उभी होती, त्यांनी लगेच मोबाइल काढला, धुळे ३,७५,५५९. झालं. दिल्ली हरली, धुळे जिंकलं, दिवसभर अभ्यास बंद. आणि त्याच तक्त्यावर चार ओळी खाली महाराष्ट्र, राजधानी मुंबई, १,८३,९४,९१२. म्हणजे तक्त्याच्या हिशोबाने मुंबई देशाच्या राजधानीच्या सत्तर पट मोठी!

आता मला पहिल्यांदा वाटलं छपाईची चूक. शून्य-बिन्य राहिलं असेल. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणे भाऊ मी आकडे छापत नाही, विकतो. मग तक्त्यावरच्या नंबरला लावला. तिकडून एका माणसाने अगदी शांतपणे सांगितलं, आम्ही सरकारी आकडेच घेतो. आणि राग याचाच येतो की तो खोटं बोलत नव्हता. दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त एक पपई आहे आणि एक पपईचा बगीचा.

नीट सांगतो कारण परीक्षेत इथेच मार्क जातात. दिल्ली म्हणजे एक गोष्ट नाही. नवी दिल्ली म्हणजे जिथे संसद, राष्ट्रपती भवन, मंत्रालयं, मोठे बंगले, तो नवी दिल्ली नगरपालिका परिषदेचा, एनडीएमसीचा भाग, जेमतेम ४३ चौरस किलोमीटर. तिथे राहणारे अडीच लाखच, आणि २००१ ला ते तीन लाखांच्या वर होते म्हणजे राजधानी कमी झाली, वाढली नाही. मग दिल्ली महानगरपालिका, तिचा आकडा १,१०,३४,५५५. आणि पूर्ण राष्ट्रीय राजधानी क्षेत्र, म्हणजे विधानसभा-मुख्यमंत्री असलेली अख्खी दिल्ली, ती १,६७,८७,९४१. तिन्ही एकाच जनगणनेचे, तिन्ही बरोबर. तक्तेवाल्याने दिल्लीसाठी सगळ्यात लहान चौकट उचलली आणि मुंबईसाठी सगळ्यात मोठी. कारण मुंबईचा तो १ कोटी ८४ लाखांचा आकडा मुंबईचा नाहीच, त्यात ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, नवी मुंबई, मीरा-भाईंदर सगळं धरलंय. नुसती बृहन्मुंबई महापालिका १,२४,४२,३७३. तीसुद्धा दोन जिल्ह्यांत, शहर ३०,८५,४११ आणि उपनगर ९३,५६,९६२.

माझा चुलतभाऊ कल्याणला राहतो, गावाला आला की सांगतो मुंबईला असतो. तक्तेवाल्याने त्याला मुंबईत धरलाय म्हणून तो खूश, जनगणनेवाला धरणार ठाणे जिल्ह्यात. ठाणे जिल्हा तरी काय साधा होता, २०११ ला १,१०,६०,१४८ म्हणजे देशात सगळ्यात जास्त लोकसंख्येचा जिल्हा, पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. आणि मुंबई शहर जिल्हा २००१ ला ३३,३८,०३१ होता तो दहा वर्षांत अडीच लाखांनी कमी झाला. गिरण्या गेल्या, चाळी पाडून टॉवर उभे राहिले, भाडं परवडेना, माणसं विरार-बदलापूर-अंबरनाथकडे सरकली. नवी दिल्लीचंही तसंच, मध्य भागात बंगले आणि ऑफिसं, दिवसा गर्दी आणि रात्री कुत्रं नाही. हे असं तक्त्यावर एक बाण काढून दाखवलं असतं तर मी अजून शंभर रुपये दिले असते.

मी स्वतः दोन वर्षं दिल्लीत काढलीत म्हणून हे जास्त लागतं. यूपीएससीच्या नादाला लागलो होतो, भुसावळहून पंजाब मेल पकडायची आणि पोचलं की पुढे जुन्या राजेंद्र नगरात रूम. रूम म्हणजे दहा बाय आठ, खिडकी जिन्यात उघडणारी. घरमालक पंजाबी, त्याचे वडील १९४७ ला मुलतानकडून आलेले. डबा देणारी बाई गोरखपूरकडची, समोरचा चहावाला दरभंग्याचा, गल्लीचा चौकीदार नेपाळी, लायब्ररीचा मालक हरियाणाचा आणि मी अमळनेरचा. दोन वर्षांत मला ‘आम्ही इथलेच’ म्हणणारा एकच भेटला, जुन्या दिल्लीतला एक कागदवाला. सुट्टीत घरी फोन केला की आजी विचारायची, ‘इतला लोके कथा ऱ्हातस रे भाऊ?’, म्हणजे इतकी माणसं राहतात तरी कुठे. तिला सांगायचो आजी, आपला जळगाव जिल्हा घे, त्याचे आठ तुकडे कर, एका तुकड्यात दिल्ली मावते, आणि त्या तुकड्यात आपल्या अख्ख्या जिल्ह्याच्या चौपट माणसं बसव. हिशोब खराय, दिल्ली १,४८३ चौरस किलोमीटर, जळगाव जिल्हा ११,७६५, आणि आपली माणसं ४२,२९,९१७. तिकडे एका चौरस किलोमीटरला ११,३२० आणि इकडे ३६०. आजी म्हणायची मग भांडणं होत असतील. होतात, पाण्यावरून आणि पार्किंगवरून.

त्या घरमालकाचा किस्सा म्हणजे दिल्लीच्या लोकसंख्येचा पूर्ण धडा आहे आणि तक्त्यावर त्याची एक ओळ नाही. १९११ च्या डिसेंबरात इंग्रजांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला न्यायचं जाहीर केलं तेव्हा दिल्ली चार-साडेचार लाखांची. १९४१ ला ९ लाख १८ हजार. आणि १९५१ ला १७ लाख ४४ हजार! दहा वर्षांत ९० टक्के. फाळणीत जवळपास पाच लाख निर्वासित दिल्लीत आले आणि लाखो मुसलमान दिल्ली सोडून गेले, म्हणजे नुसता आकडा वाढला नाही, गल्लीतली माणसंच बदलली. लाजपत नगर, राजेंद्र नगर, पटेल नगर हे त्या लोकांसाठी वसवलेले. पूर्व बंगालवाल्यांसाठी चित्तरंजन पार्क, जे नंतर झालं. आपल्याकडे जळगावला सिंधी कॉलनी आहे, कल्याणच्या कॅम्पचं उल्हासनगर झालं, त्यामुळे ही गोष्ट आमच्या पोरांना एका वाक्यात कळते. पण सांगायला तर पाहिजे कोणीतरी.

त्यानंतरची गर्दी कामासाठी. उत्तर प्रदेश, बिहार, उत्तराखंड. २००१ ते २०११ मध्ये दिल्ली २१ टक्क्यांनी वाढली. आणि गावं संपत चालली, २००१ ला दिल्लीत १६५ गावं होती, २०११ ला ११२ उरली. ग्रामीण लोकसंख्या अडीच टक्के फक्त.

तक्त्याच्या उजव्या बाजूला एक रकाना आहे, दर हजार पुरुषांमागे स्त्रिया. हा रकाना मला सगळ्यात आवडला आणि यावरूनच सगळ्यात जास्त वाद झाला. दिल्ली ८६८. मुंबई शहर ८३२, उपनगर ८६०. आणि मी बाजूला पेनाने नंदुरबार लिहिलं, ९७० च्या वर. साक्षरता बघाल तर उलटं, दिल्ली ८६ टक्के आणि नंदुरबार ६४. पोरं म्हणे हे कसं काय? मी आपलं नेहमीचं सांगितलं, की बाप्ये कमवायला राजधानीत जातात, बायका-पोरं गावाला राहतात, म्हणून तिकडे पुरुष जास्त दिसतात. सगळ्यांनी माना हलवल्या. आपल्याकडे प्रत्येक घरात कोणीतरी सुरतला नाहीतर कल्याणला आहेच, त्यामुळे पटलं.

तेव्हा पारोळ्याची एक पोरगी, कधी बोलत नाही, मागे भिंतीला टेकून बसते, ती म्हणाली, भाऊ मग शून्य ते सहा वयाचं काढा ना. काढलं. दिल्लीत ८७१. आणि आमच्या जळगाव जिल्ह्यात ८५० च्याही खाली. ती म्हणाली, सहा वर्षांची पोरं काय नोकरीला गेली नव्हती ना कुठे. कूलरचा आवाज येत होता फक्त. २०११ ला सहा वर्षांच्या आतली ती मुलं, त्यातली मोठी आता वीस-एकवीसच्या आसपास आलीत, आणि गावोगाव पोराला मुलगी मिळत नाही म्हणून बायोडेटा घेऊन फिरणाऱ्या बापांना काय उत्तर द्यायचं ते त्या एका आकड्यात आहे. मी त्या दिवसापासून दिल्लीला नावं ठेवणं बंद केलंय. तक्त्याला यासाठी एक स्टार जास्त, जरी त्यांनी हा आकडा छापलेला नसला तरी.

आता ज्या खरोखर चुका आहेत त्या. आंध्र प्रदेश, राजधानी अमरावती, लोकसंख्या ६,४७,०५७. हा आकडा बघून मला काहीतरी ओळखीचं वाटलं. हा तर आपल्या विदर्भातल्या अमरावतीचा! कोणीतरी नाव टाकून शोधलं आणि पहिलं जे आलं ते चिकटवलं. अरे आंध्रच्या अमरावतीची पायाभरणीच २०१५ च्या ऑक्टोबरात झाली, २०११ ला तिथे राजधानी नव्हती, शेती होती. याला चूक म्हणायची नाही तर काय म्हणायचं. शेजारी तेलंगणा हैदराबाद बरोबर आहे, त्याबद्दल शाबासकी, कारण तेलंगणा झालं २ जून २०१४ ला आणि हैदराबाद दहा वर्षं दोघांची राजधानी होतं हे बऱ्याच तक्त्यात गडबडतं.

चंदीगड तीन वेळा आहे. पंजाबसमोर, हरियाणासमोर आणि खाली केंद्रशासित प्रदेशात. प्रत्येक वेळी साडेदहा लाख. एका पोराने हौसेने सगळ्या राजधान्यांची बेरीज केली, देशातली किती टक्के माणसं राजधानीत राहतात असं काढायला, त्यात चंदीगड तीनदा आणि आंध्रात विदर्भ. बरं नागपूरला उपराजधानी म्हणून वेगळी ओळ दिलीय, हे चांगलं केलं, पण कंसात कारण नाही. नागपूर १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांताची आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशाची खरीखुरी राजधानी होती, मग नागपूर करारामुळे तिथे अधिवेशन भरतं, एवढं एक वाक्य बसलं असतं.

आणि गुजरात बघा, गांधीनगर, दोन-तीन लाखांचं गाव. आमच्या खान्देशाला गुजरातची राजधानी विचारली तर अर्धे लोक सुरत सांगतील आणि त्यांचं काही चुकत नाही असं माझं मत आहे. उधना-लिंबायतला जा, अहिराणीत भाजी घेता येते. सुरत २०११ ला ४४ लाखांच्या वर होतं पण राजधानी नाही म्हणून तक्त्यावर नावच नाही. राजधानी म्हटलं की मोठं शहर हे डोक्यातून काढायला हा तक्ता कामाचा आहे, हे मात्र खरं. आता खान्देशचंच बघा ना, फारुकी सुलतानांच्या काळात राजधानी आधी थाळनेर, मग बऱ्हाणपूर. थाळनेर आज शिरपूर तालुक्यातलं एक गाव आहे आणि बऱ्हाणपूर तर मध्य प्रदेशात गेलं. हे मी पोरांना सांगितलं तर शिरपूरचा एक जण आठवडाभर कॉलर वर करून फिरत होता.

खाली एक पट्टी आहे, जगातल्या राजधान्या. त्यात टोकियो पहिलं, दिल्ली दुसरी, २ कोटी ९० लाख. हो, तोच तक्ता! वर अडीच लाख आणि खाली २ कोटी ९० लाख. हा खालचा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालातला आहे, त्यात गुरगाव, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद पण जोडलेलं, कारण वस्ती सलग आहे. आपली जनगणना राज्याची हद्द ओलांडत नाही, त्यामुळे मेट्रोत बसून नोएडाला उतरलं की तुम्ही दिल्लीतून वजा. आणि आता तेही जुनं झालं, २०२५ च्या अहवालात त्यांनी मोजायची पद्धतच बदलली आणि जकार्ता पहिल्या नंबरवर आलं, टोकियो तिसरं. माणसं रातोरात नाही हलली, फक्त रेघ हलली. आणि गंमत म्हणजे इंडोनेशिया जकार्तातून राजधानी हलवायच्या मागे आहे.

सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच आहे. राज्यांचे सगळे आकडे २०११ चे, आणि ते कुठे लिहिलंय, तर खाली उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात. छपाईचं वर्ष मात्र ठळक. यात प्रकाशकाची पूर्ण चूक नाही म्हणा, २०२१ ची जनगणना झालीच नाही, आणि नवीन जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. पण मग वर मोठ्या अक्षरात लिहा ना बाबा की हे २०११ चं आहे. पोरगा २०११ ला पहिलीत होता आणि आज पोलीस भरतीला पळतोय.

भाषेचा रकाना पण आहे. दिल्लीत हिंदी ८५ टक्क्यांच्या आसपास, पंजाबी आणि उर्दू पाच-पाच टक्के. पण त्या हिंदीत भोजपुरी पण आलीच, जनगणनेत ती हिंदीखालीच जाते. म्हणजे माझी ती डबेवाली बाई, जिचं मला पहिले सहा महिने अर्धं कळत नव्हतं, ती कागदावर हिंदी. त्या मानाने आपली अहिराणी ‘खान्देशी’ या नावाखाली वेगळी मोजली जाते, १८ लाखांच्या वर. मला तर हे कमी वाटतं. आपल्याकडे घरात अहिराणी आणि दारात कोणी शर्ट-पँटवाला आला की ‘आम्ही मराठी बोलतो हं’.

तर काय केलं शेवटी. तक्ता परत नाही केला. दिल्लीच्या ओळीवर पांढरा कागद चिकटवून तिन्ही आकडे लिहिले, मुंबईचे पण तीन, अमरावतीवर काळं फासलं, चंदीगडला दोन ठिकाणी ‘वरचंच’ असं लिहिलं. जळगाव-धुळे पेनाने बाजूला आहेत ते पोरांनी पुसू दिले नाहीत. पारोळ्यावालीने शून्य ते सहाचा नवीन रकानाच आखलाय, पट्टी लावून, माझ्यापेक्षा सुबक अक्षर.

पाचपैकी तीन देतो. घ्यायचा असेल तर दोनशेच्या वर देऊ नका, दुकानदार आधी नाही म्हणतो, बाहेर पडायला लागलं की हाक मारतो. खालची दांडी घरी आल्या आल्या दोन्ही टोकांना टेप लावून पक्की करा. आणि कूलरसमोर लावू नका, आमचा पाणी लागून आंध्र-ओडिशाच्या बाजूला फुगलाय.